प्रथमच सोलापूरला येणाऱ्यांस सूचना

नैरोबी, ११ जून १९२८

ती. अण्णांस गुरप्पाचा शरणार्थ.

संक्रांतीनंतर वर्षाला एक पत्र, हा माझा सोळा वर्षांचा शिरस्ता. हे जूनमध्येच आलेलं पाहून वैनी घाबरतील, म्हणून आधी सांगतो, सगळे खुशाल आहेत.

रेल्वेच्या कारखान्यातून मला यंदा चार महिन्यांची रजा मिळते आहे. माझ्यासारख्या सुताराला एवढी लांब रजा इथे कुणाला मिळत नाही. डिसेंबरात मुलींची शाळाही बंद असते. प्रेमलाचे वडील अक्कलकोटकडचे, पण ती स्वतः जन्मली मोंबासाला. प्रभा अकरा वर्षांची, शकुंतला सहाची. तिघींपैकी एकीनंही हिंदुस्थान पाहिलेला नाही. आमच्या रेल्वेलायनीत कधीमधी सिंह येऊन जातो. परवा प्रभानं विचारलं, "बाबा, सोलापुरातले सिंह कुठल्या बाजूनं येतात?" मी हसलो. मग जरा वेळानं हसू गेलं.

तेव्हा यायचं मनात आणलं आहे. तुम्ही घरबसल्या साऱ्या जगाची वेळापत्रकं वाचणारे. बोटीपासून तुमच्या उंबऱ्यापर्यंत काय करावं, काय टाळावं, ते लिहून पाठवा. मुलींना आपल्या रीतीभाती ठाऊक नाहीत. तिथं कुणी त्यांना हसू नये, एवढंच मला वाटतं.

एकच अट. संक्रांतीआधी आम्ही परत निघू. काठ्या निघतील तेव्हा मी गावात नसेन. ज्याच्या कमरेवरून काठी पडली त्यानं सिद्धरामाच्या मिरवणुकीत कुठल्या तोंडानं उभं राहायचं? ह्यावर तुम्ही काही लिहू नये.

गुरप्पा


सोलापूर, ८ जुलै १९२८

चि. गुरप्पास आणि घरातल्या सर्वांस सिद्धलिंगप्पाचे आशीर्वाद.

पत्र दुकानात आलं. मधल्या मारुतीजवळचं आपलं तराजू-वजनांच्या दुरुस्तीचं दुकान तुला आठवतच असेल. एका किराणावाल्याचा काटा टांगून ठेवला होता, तो तसाच लोंबकळत राहिला आणि मी तुझं पत्र तीनदा वाचलं. घरी येऊन कमलम्माला वाचून दाखवलं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि लगेच विचारलं, "पोरींस्नी कडक भाकरी चावंल का?" बायकांचं मन कुठं जाईल सांगता येत नाही.

आता सूचना. त्या मी गेले आठ दिवस रोज थोड्या थोड्या लिहिल्या आहेत. मी इयत्ता चौथीपर्यंत शिकलो, पुढचं सगळं स्वतः मिळवलं, त्यामुळे मला ऐकीव गोष्टी चालत नाहीत. प्रत्येक बाब पडताळून लिहिली आहे.

पहिली : बोटीवर पहिले तीन दिवस पोट रिकामं ठेवू नये. सुकी भाकरी आणि लिंबाचं लोणचं. नजर पाण्यावर न ठेवता लांब आकाशाच्या रेषेवर ठेवावी. हे वाचून दाखवत होतो तर कमलम्मा म्हणते, "तुमी कुटं गेलाय हो बोटीत? घंगाळात तरी बसलाय का कदी?" मी तिला सांगितलं, ज्ञान आणि अनुभव ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ती म्हणाली, "व्हय की. तुमच्याकडं एकच हाय."

दुसरी : मुंबईत उतरल्यावर हमाल एकच करावा आणि त्याचा बिल्ला पाहून नंबर लिहून घ्यावा. बोरीबंदरला मद्रासकडे जाणारी रात्रीची गाडी घ्यावी. वेळापत्रक नकलून सोबत जोडलं आहे. लाल शाईतल्या वेळा माझ्या घड्याळाशी ताडलेल्या आहेत. बोरीबंदरचा चहा घेऊ नये, दूध पातळ असतं.

चौथी (तिसरी खोडली आहे, ती कमलम्माच्या सांगण्यावरून) : घाटात मागून इंजिन लावतात तेव्हा हिसका बसतो, मुलींना वरच्या फळीवर निजवू नये. दौंड सोडलं की मुलींना जागं करावं. तिथून काळी जमीन लागते. जेऊरला गाडी थोडी थांबते, पाणी भरून घ्यावं. कुर्डुवाडीला शेजारीच एक लहान गाडी उभी असते, खेळण्यासारखी. मुली तिच्याकडे धावतील. तीत बसू नये, ती बार्शीला नेईल. मोहोळ गेलं की सामान आवरायला घ्यावं. त्याआधी आवरलं तर मुली दाराशी जाऊन उभ्या राहतात.

पाचवी, घरातलं वागणं. चपला-बूट पायरीखाली. मोठ्यांना "शरणु" म्हणून वाकावं. कुणी ताटात भाकरी वाढताना "पुरे" म्हटलं तर एक जास्त येते, म्हणून एक आधीच म्हणावं. आणि "शेंगांची चटणी तिखट आहे का" असं विचारू नये. आहेच.

सहावीपासून मी आकडे घालणं सोडलं, कारण लिहिताना भलतंच आठवायला लागलं. डिसेंबरात मंगळवेढ्याकडच्या रानात ज्वारी पोटरीतून बाहेर आलेली असते. शेवटी शेवटी हुरडा मिळेल. आठवतं, शरणम्मामावशी, तुझी आई, आगटीतली कणसं तळहातावर चोळून आपल्या दोघांच्या ओंजळीत अर्धं अर्धं टाकायची? तू म्हणायचास अण्णाला जास्त गेलं. मी दाणे मोजायचो.

मुलींना तळ्याकाठचं देऊळ दाखवीन. आणि हे त्यांच्यासाठी लिहितो : मुलींनो, तुमचे आजोबा, आमचे गुंडप्पाकाका, वीस वर्षं नंदीध्वज पेलत. तीस फूट उंच काठी, तिच्या अंगाला साज, आणि ती कमरेच्या पट्ट्यावर तोलून एकटा माणूस चालतो. हात फक्त टेकवायचे, धरायची नाही. नजर शेंड्यावर. काका म्हणत, काठी हातानं नाही, टाचेनं पेलतात. ती चालली की सारी बाळीवेस पेठ श्वास रोखून धरते.

संक्रांतीआधी परत निघण्याचा तुझा बेत योग्य आहे. गर्दीत पोरं चुकतात. दहा जानेवारीच्या गाडीची वेळही लिहिली आहे.

सिद्धलिंगप्पा


नैरोबी, ५ ऑगस्ट १९२८

ती. अण्णांस प्रेमलाचा शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र मी यांना न सांगता लिहिते आहे. माझं मराठी शाळेतलं नाही, वडिलांनी घरी शिकवलेलं आहे. चुकलं तर पदरात घ्या.

तुमचं पत्र आम्ही जेवणानंतर मोठ्यानं वाचलं. घंगाळाचं वाचून मुली लोळल्या. हे पण हसले. काठीचा मजकूर आला आणि हे उठून बाहेर गेले.

अण्णा, मला प्रवासातलं एकच विचारायचं आहे. यांना संक्रांतीपर्यंत तिथं थांबवायचं कसं? ज्या गावाला आम्ही जाणार त्या गावचा सगळ्यात मोठा दिवस सोडून परत यायचं, तर मुलींनी पाहिलं काय?

लग्नाला तेरा वर्षं झाली. ह्या तेरा वर्षांत यांनी चहाचा थेंब घेतलेला नाही. इथे लोक दिवसातून पाच वेळा घेतात. मला वाटायचं, आवडत नाही. दोन वर्षांपूर्वी यांना हीवताप चढला तेव्हा बोलले. काठी पडली त्या दिवशी, सरावाच्या आधी, यांनी चहा घेतला होता. काठी उचलण्याआधी पाण्याखेरीज काही तोंडात घालायचं नाही, असा मल्लप्पा वस्तादांचा नेम होता म्हणे. तो मोडला, म्हणून काठीनं यांना टाकलं. वस्ताद चारचौघांत तसंच म्हणाले, "काठी ह्याला नको म्हनती." दोन महिन्यांनी हे बोटीत बसले. इतकं सगळं एका कपाचं.

तुम्ही त्या दिवशी तिथं होतात असं हे म्हणतात. तुम्ही थोरले आहात. तुम्ही सांगितलंत की देव एवढ्यातेवढ्यावरून माणसाला टाकत नाही, तर हे ऐकतील. दुसऱ्या कुणाचं ऐकायचे नाहीत.

प्रेमला


सोलापूर, २ सप्टेंबर १९२८

चि. सौ. प्रेमला हिस सिद्धलिंगप्पाचे आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुमचं मराठी उत्तम आहे, मात्र "हिवताप" ह्यातला "हि" पहिला असावा, तुम्ही दुसरा घातला आहे.

सामानाविषयी काही राहिलं होतं ते लिहितो. मच्छरदाण्या आणू नयेत, इथं डिसेंबरात थंडी असते. मुलींना लोकरीचं एकेक घ्यावं, पहाटे गाडीत लागेल. अंथरुणाच्या वळकटीला दोन पट्टे असावेत, एक पट्टा हमाल उचलताना सुटतो. पट्ट्याची कडी पितळेची घ्यावी. ट्रंकेवर नाव देवनागरीत आणि इंग्रजीत, दोन्हीकडे.

दुसऱ्या विषयाबद्दल : गुरप्पाचा स्वभाव लहानपणापासून मनाला लावून घेण्याचा आहे. मुद्दाम आग्रह करू नये. चहाचा तर करूच नये. काळ जाईल तसं निवळेल.

त्या दिवशी मी तिथं होतो हे खरं आहे. गर्दी पुष्कळ होती.

सिद्धलिंगप्पा


नैरोबी, १ ऑक्टोबर १९२८

ती. अण्णांस गुरप्पाचा शरणार्थ.

बोटीची जागा धरली. आठ डिसेंबरला मोंबासाहून निघते. त्या तिघी येतील. मी येणार नाही.

रागावू नका, कारण सांगतो. रविवारी मी कारखान्यातून घरी आलो तर अंगणात प्रभानं कमरेला माझं धोतर घट्ट गुंडाळलं होतं. त्यावर कपडे वाळत घालायचा बांबू उभा केला होता. हात दोन्हीकडे पसरलेले, नजर वर. तुमच्या पत्रातलं तिनं पाठ केलंय, टाचेनं पेलायची म्हणे. चार पावलं चालली, अण्णा. अगदी माझ्या बापासारखी, पोट किंचित आत घेऊन. तिला कुणी दाखवलेलं नाही.

आणि मी ओरडलो. असा ओरडलो की ती दचकली, बांबू पडला. मी तो गुडघ्यावर मोडला. माझी पोर मला म्हणाली, "बाबा, मी पाडला नाही. तुम्ही ओरडलात म्हणून पडला."

माझ्यावर कुणी ओरडलं नव्हतं. माझी पडली ती माझ्यामुळे.

असा माणूस घेऊन त्या गावात जाण्यात अर्थ नाही. तुम्ही कुर्डुवाडीपर्यंत सामोरे या आणि तिघींना उतरवून घ्या. तेवढं लांब तुम्ही गेलेले आहात. त्यांना संक्रांतीपर्यंत ठेवा, काठ्या दाखवा. प्रभाला माझ्या वडिलांची जागा दाखवा, कोपऱ्यावरच्या पिंपळापाशी, जिथून ते उचलत.

तुमच्या सूचनांचे कागद प्रेमलाकडे दिले आहेत.

गुरप्पा


सोलापूर, २८ ऑक्टोबर १९२८

चि. गुरप्पास.

आशीर्वाद आज शेवटी लिहीन, द्यायची माझी लायकी उरली तर.

सोबत एक जुना कागद आहे. माझ्या १९११ च्या टिपणवहीतलं पान, फाडून पाठवतो आहे. मी वहीचं पान आजवर फाडलेलं नाही, हे तुला माहीत आहे. त्यावर असं आहे : "शनिवार, ९ डिसेंबर. सराव. पिंपळ ते वेशीचा दगड. निघाली ५ वाजून १९. दगडाशी ५ वाजून २२." पुढे काही नाही. बाविसानंतर पेन्सिलीचा फराटा आहे. तो का आहे, ते सतरा वर्षं मला एकट्याला ठाऊक होतं.

शिकाऊ काठीला तोल सावरायला वरून दोन दोर बांधतात. डावीकडचा तालमीतल्या शरणप्पानं धरला होता, उजवीकडचा मी. पुण्याहून मागवलेलं माझं घड्याळ त्या आठवड्यात आलं होतं. माझ्या डोक्यात भरलं होतं की मिरवणुकीचं एक पक्कं वेळापत्रक मांडावं, कुठल्या वळणावर काठी किती वाजता. आजवर कुणी केलं नव्हतं. तू दगडाशी पोचलास. मी दोर उजव्या हाताला एकच वेढा दिला, वही काखेत धरली, पेन्सिल ओठांत, आणि डाव्या हातानं घड्याळ काढलं. बावीस. ते बघितलं, घड्याळ खिशात टाकलं आणि त्याच उजव्या हातानं वहीत टिपलं. तेवढ्यात वारा आला.

दोर हातातून निघून गेला, गुरप्पा. निसटला असंही म्हणत नाही. मी धरलेलाच नव्हता. काठी डावीकडे झुकली, तू टाचेवर फिरून सावरायचा प्रयत्न केलास, आणि ती वाण्याच्या भिंतीवर आपटून चिरली. कुणाला लागलं नाही. सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं, कारण काठीखाली तू होतास. दोराकडे कुणी पाहिलं नाही. मी पेन्सिल खाली पाडली आणि वाकून शोधत राहिलो. वस्ताद "नको म्हनती" म्हणाले तेव्हा मी वाकलेलाच होतो.

पहिल्या दिवशी भीतीनं बोललो नाही. दुसऱ्या दिवशी वाटलं, आता उशीर झाला. मग तू गेलास. मग दर वर्षीचं पत्र यायचं, आणि मी तुला सोलापूरचा पाऊस किती झाला ते कळवायचो.

आणि चहा. तो चहा तुला मी पाजला. दुकानात, चारच्या सुमारास. तू नको म्हणत होतास. मी म्हटलं, थंडी आहे, घोटभरानं काय होतंय. एकच कप होता. कप तू घेतलास, बशीत ओतून मी घेतला. चहानं काठी पडत असती तर मी त्यानंतर एक तराजू सरळ टांगू शकलो नसतो. प्रेमलानं मला हे विचारलं होतं, आणि मी तिला पट्ट्याच्या कड्या शिकवल्या.

पत्र टाकण्याआधी मी वस्तादांकडे जाऊन आलो. ऐंशीच्या घरात आहेत. उन्हात बसून शेंगा फोडत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी शेंगा फोडणं थांबवलं नाही. फोडता फोडताच म्हणाले, "लोकांचं काटं सरळ करीत बसलास व्हय रं इतकी वर्सं?" मग म्हणाले, "चूक माजी बी हाय. मी काठीचं नाव सांगून बोललो. काठी कवा बोलती का? त्याला लिव, म्हनावं म्हातारा हाय तवर ये."

घरी कमलम्मा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी वाढताना म्हणाली, "पत्र टाकलासा का?" म्हटलं, अजून नाही. ताट तिथंच ठेवून उठून गेली. म्हणून आजच टाकतो आहे. टपाल मुंबईहून किती तारखेला सुटतं ते पाहिलं आहे. तुझी बोट सुटण्याआधी तुझ्या हाती पडेल.

प्रभाला सांग, तिनं काठी पाडली नाही. तिच्या बापानंही पाडली नव्हती.

मी कुर्डुवाडीला येणार नाही. तुम्ही चौघं आलात तर सोलापूर स्टेशनवर उभा राहीन. तिघीच आल्या तरी उभा राहीन, पण मग त्यांना काय तोंड दाखवायचं ते मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही.

सिद्धलिंगप्पा


मुंबई, २१ डिसेंबर १९२८

ती. अण्णा,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी चुलीत घालायला घेतलं होतं. प्रेमलानं हातातून ओढून घेतलं. एक कोपरा जळला आहे. वहीचं पान मात्र वाचलं.

बोटीत दोन आठवडे मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडत आलो. वडील वारले तेव्हा मी इथं नव्हतो. आईनं शेवटी माझं नाव घेतलं, ते मी तुमच्या पत्रात वाचलं, पावसाच्या आकड्याखाली. ती वर्षं तुमच्या कुठल्या काट्यात घालून मोजायची? तुम्हाला येत असेल तर मोजून ठेवा, आल्यावर विचारणार आहे. आणि तोंडावर विचारणार आहे, पत्रात नाही.

तुमच्या सूचना प्रभानं वहीत उतरवून घेतल्या आहेत आणि एकेक पडताळते आहे. नजर लांबच्या रेषेवर ठेवून उपयोग झाला नाही, शकुंतलाला चार दिवस ओकाऱ्या झाल्या. लोणचं उपयोगी पडलं. दुसरी चूक : हमालाच्या बिल्ल्यावरचा नंबर लिहून घेतला, पण तो बिल्ला वाटेत त्यानं भावाला दिला आणि स्वतः चहाला गेला. भाऊ सामान घेऊन निघाला. प्रभा ओरडली म्हणून सापडला. "अण्णाकाकांना हे माहीत नव्हतं," असं ती फार समाधानानं म्हणाली.

पहिल्या बेताप्रमाणे धरलेली बारा जानेवारीची परतीची बोट रद्द केली आहे. आता चौघांची सव्वीसची आहे. ह्याचा अर्थ तुम्हाला कळेल. मी काठी उचलीन की नाही ते ठाऊक नाही. वस्तादांच्या पाया पडेन, पिंपळाखाली उभा राहीन, पुढचं टाचा ठरवतील. प्रभाला पिंपळ मीच दाखवीन.

उद्या रात्रीच्या गाडीनं निघतो. बोरीबंदरचा चहा तुमच्या सांगण्याप्रमाणे घेणार नाही. वैनींना म्हणावं, परवा सकाळी आधण ठेवा. कप मी घेईन. बशी तुमची.

स्टेशनवर येताना घड्याळ घरी ठेवून या. गाडीला उशीर झाला तर होऊ दे. सामान पुष्कळ आहे, तुमचे दोन्ही हात लागतील.

गुरप्पा